सारखी आग

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात सायकलींच्या फ्रेमा घडवणारे दोन भाऊ राहायचे. थोरला काळाप्पा, धाकटा इरण्णा. जातीनं पांचाळ. बाप विळे-कोयते करायचा. त्याच्या मागं पोरांनी कोयते सोडले आणि सायकली धरल्या.

आता कुणी म्हणेल, सायकल काय बाजारात मिळत नाही? मिळते. पण बाजारातली सायकल त्या गावाच्या कामाची नव्हती. घरोघरी म्हशी होत्या आणि दूध घालायची डेअरी खिंडीच्या पलीकडं होती. भरलेले कॅन दोन्ही बाजूंना अडकवून सायकल चढावर ढकलत न्यायची, आणि पलीकडच्या दगडी उतारावर तिच्यावर बसून सोडायची. असल्या वाटेवर बाजारातली सायकल लवकरच गुडघे टेकायची. म्हणून दूधवाले चाकं, साखळी, पायडल बाजारातून आणायचे आणि मधली फ्रेम या भावांकडून करून घ्यायचे.

फ्रेम म्हणजे तरी काय? नळ्या आणि सांधे. नळी पोलादाची, ती कारखान्यातून येते. सांधा पितळेचा, तो माणसाच्या हातातून उतरतो. नळीवर कारखान्याचा छाप असतो, सांध्यावर कुणाचंच नाव नसतं. म्हणून लोक भांडतात ते नळीवरून.

तिथं तीन छापांच्या नळ्या मिळायच्या. तारा छाप सगळ्यात हिणकस. पत्रा गुंडाळून जोडलेली, आतून बोट फिरवलं तर शिवण लागायची. ती घेणारा एक तर अडलेला असायचा नाही तर मूर्ख. दुसरी हत्ती छाप. जाड आणि जड. टिचकी मारली तर नुसती 'ढप' करायची. तिसरी बगळा छाप, ती मागाहून आली. अंगानं पातळ, पण पोलाद कसदार. दोरीला टांगून टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखी वाजायची, आणि हात काढला तरी वाजत राहायची.

काळाप्पानं जन्मभर हत्ती वापरला. बगळा आणला तो इरण्णानं.

दोघांमधली आढी मात्र नळीच्या आधीची. इरण्णाची छाती लहानपणापासून नाजूक. भट्टीचा धूर लागला की खोकून खोकून निळा पडायचा. म्हणून आई त्याला भात्यावर बसवायची नाही. बसवायची ती काळाप्पाला. काळाप्पा चिडायचा.

"आई, दोघांना सारखं का नाही गं?"

"त्याला धूर सोसत नाही, बाळा."

"मला सोसतो म्हणून मीच खायचा का?"

आई भाकऱ्या थापायला वळली. काळाप्पा मोठा झाला, संसाराला लागला, केस पिकले. पण 'सारखं का नाही' हे त्याच्या पोटात तसंच बसून राहिलं. लोखंड इतकी वर्षं पडलं असतं तर गंजून संपलं असतं. असल्या गोष्टी गंजत नाहीत.

बाप गेल्यावर दोघांनी समोरासमोर दुकानं टाकली. मधे रस्ता. बापाची ऐरण थोरल्याकडं गेली, तशी रीतच आहे. इरण्णानं हलकी नळी हुडकून आणली ती स्वतःच्या छातीपायी. चढावर जड सायकल ढकलताना म्हाताऱ्या दूधवाल्यांना धाप लागायची ती त्याला बघवायची नाही. त्या धापेची चव त्याला ठाऊक होती.

बगळ्याची फ्रेम एका हातानं उचलून लोक लहान पोरासारखे हसायचे. आणि हसून झालं की त्यातला एखादा रस्त्यापलीकडं बघून बोलायचाच.

"काळाप्पा, तुमच्या सायकलीला चाकं कशाला लावता? जमिनीत पुरा, गोठ्याचा खांब होईल."

"अरे, अप्पांच्या सायकलीला कुलूप लागत नाही. चोर नेतो आणि अर्ध्या वाटेत टाकून कंबर धरून बसतो."

काळाप्पा ऐकून घ्यायचा आणि कानस जोरानं ओढायचा. माणूस उलटून शिव्या देतो तो बरा. ऐकून घेणाऱ्याची भीती बाळगावी.

हळूहळू गावात दोन तट पडले. चहाच्या हॉटेलात हत्तीवाल्यांचं बाक वेगळं, बगळावाल्यांचं वेगळं.

"पातळ नळी म्हणजे पातळ ताक. त्यानं काय पोट भरतं होय?"

"जाड तेच चांगलं म्हणतोस? मग तुझ्या सासऱ्यालाच चाकं लाव की!"

यावरून एकदा कपबशा फुटल्या. सासरा तिथंच बसला होता.

दूधवाल्यांचा म्होरक्या तातोबा गवळी. पांढऱ्या मिशांचा, सरळ, आणि आपण सरळ आहोत याचा फार अभिमान असलेला माणूस. त्याला या भांडणाचा कंटाळा आला. शिवाय अडचणही होती. दोन्ही नळ्यांची जाडी वेगळी, त्यामुळं वाटेत मोडतोड झाली तर एकाच्या सायकलीचा भाग दुसऱ्याला बसायचा नाही. दसरा झाल्यावर सगळ्यांच्याच फ्रेमा बदलायच्या होत्या. तेव्हा त्यानं दूधवाल्यांना आणि दोन्ही भावांना देवळापुढं बोलावलं.

"आता एकच छाप ठरवायचा," तातोबा म्हणाला. "जो ठरेल त्या दुकानात सगळ्यांच्या फ्रेमा. मग पुन्हा ही कुरकुर नको."

याचा अर्थ काय ते दोघा भावांना तिथंच कळलं. काळाप्पाला सासऱ्याकडून मिळालेला शेताचा तुकडा होता. छाप बगळा ठरला असता तरी त्याची चूल पेटली असती. इरण्णाला दुकानाशिवाय काही नव्हतं. दुकान बसलं तर त्याच्यापुढं गावातलं एकच काम उरत होतं, दुधाची सायकल खिंडीवर ढकलायचं. ती छाती घेऊन.

"पण ठरवायचं कसं?" कुणी तरी विचारलं.

तातोबानं विचार करून ठेवला होता. "दोन फ्रेमा करायच्या. एक हत्तीची, एक बगळ्याची. दोन्हींवर सारखे कॅन, दोन्हींना सारखी वाट. आणि दोन माणसं रोज सायकली बदलून चालवतील, म्हणजे चालवणाऱ्यावर बोट नको. जी आधी मोडेल ती हरली."

"आणि घडवणार कोण?"

"तेच तर. हात दोन असले की नळी कळत नाही. एकाच हातानं दोन्ही फ्रेमा घडल्या पाहिजेत."

तेवढ्यात इरण्णाच बोलला.

"दादा करील. माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला आहे."

बगळावाल्यांनी कपाळाला हात लावला. एकानं त्याला कोपरानं ढोसलं. इरण्णा म्हणाला, "का? भाऊ आहे माझा."

लोक पांगल्यावर तो काळाप्पाच्या दुकानात गेला. रिकाम्या डब्यावर बसला आणि धाप थांबल्यावर बोलला.

"दादा, एक सांगून ठेवतो. सांध्यात पितळ वितळवताना हत्तीला गॅसची जेवढी ज्योत देतोस तेवढी बगळ्याला नको देऊ. बारीक ठेव. नळी लाल दिसली की पितळ सोड. केशरी होऊ दिलीस तर ती नळी मरते. वरून काही कळत नाही, पण सांध्याजवळ आतून मरते."

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही रे. माझ्याही पहिल्या दोन फ्रेमा तशाच गेल्या, म्हणून सांगतो."

"कळलं. जा आता."

घडवायचा दिवस आला. उन्हं चांगली वर आली होती. काळाप्पाच्या दुकानापुढं सगळं गाव जमलं. तातोबानं स्वतः नळ्या मोजून, मापून दिल्या. आधी हत्तीची फ्रेम झाली. काळाप्पानं ज्योत मोठी केली, जाड नळी तापून केशरी झाली, पितळ पाण्यासारखं सांध्यात शिरलं. बघणारे 'वा' म्हणाले. हात चांगला होताच, त्यात खोटं नाही.

मग बगळ्याची पाळी आली.

पांचाळांत एक रीत आहे. फ्रेमेचा सांधा जुळताना ज्याची फ्रेम त्यानं बघायचं नाही. मालकाची नजर लागते आणि सांधा चिरतो म्हणतात. एरवी गिऱ्हाईक पाठ करून बसतं. त्या दिवशी बगळ्याचा मालक इरण्णाच होता. त्यानं रीत पाळली. रस्ता ओलांडून आपल्या दुकानाच्या पायरीवर गेला आणि भावाकडं पाठ करून बसला. गावातल्या शंभर माणसांत एवढा एकच माणूस असा होता की ज्याला ज्योतीचा रंग बघून काही कळलं असतं. तोच पाठ करून बसला.

काळाप्पाचा हात ज्योतीच्या किल्लीवर गेला. किल्ली जरा फिरवायची, ज्योत बारीक होणार. बस, एवढंच.

त्याला समोर इरण्णाची पाठ दिसत होती. सदऱ्यातून हाडं दिसत होती. आणि त्या पाठीकडं बघताना त्याला आईचं बोलणं आठवलं, त्याला सोसत नाही, बाळा. भात्याचा धूर आठवला. गोठ्याचा खांब आठवला. सगळं गाव बघत होतं, आणि सगळ्या गावाला दोन्ही फ्रेमांना सारखंच पाहिजे होतं. तातोबा तर मोठ्यानं म्हणालाही, "हां अप्पा, तशीच. जरासुद्धा कमी-जास्त नको!"

काळाप्पानं किल्लीवरचा हात काढला.

ज्योत होती तेवढीच राहिली. पातळ नळी लाल झाली, केशरी झाली. पितळ तसंच पाण्यासारखं शिरलं. लोक पुन्हा 'वा' म्हणाले. बगळ्याचा सांधा तर हत्तीपेक्षा देखणा दिसत होता.

त्यानं वाईट असं काही केलं नाही. जे करायला पाहिजे होतं तेवढं केलं नाही. अशा गुन्ह्याला साक्षीदार मिळत नाही, दोनशे डोळे असले तरी मिळत नाही.

दोन्ही फ्रेमांना चाकं लागली. कॅन अडकवले. दोन तरणे दूधवाले रोज सायकली बदलून खिंड चढायला लागले. सुरुवातीला बगळा पुढं असायचा. चढावर तो चालवणारा गाणं म्हणायचा आणि हत्ती ढकलणारा त्याला शिव्या द्यायचा. बगळावाल्यांच्या बाकावर रोज भजी यायला लागली.

मग एका सकाळी दगडी उतारावर बगळ्याची मान तुटली. हँडलच्या खाली, जिथं दोन नळ्या मिळतात तिथं, सांध्याला लागून. सिद्राम नावाचा दूधवाला तिच्यावर होता. तो तोंडावर आपटला, गळपट्टीचं हाड मोडलं. कॅन फुटून दूध उतारावरून वाहत गेलं आणि कुठून कुठून कुत्री गोळा झाली.

मोडकी फ्रेम देवळापुढं आणून टाकली. इरण्णा वाकून बघत राहिला. तुटलेल्या कडेवरून त्यानं अंगठा फिरवला. चांगली नळी आधी वाकते, मग तुटते. ही काचेसारखी तुटली होती. तो हळूच म्हणाला, "ज्योत बघायला पाहिजे."

यावर हत्तीवाले खवळले. "म्हणजे? अप्पांनी लबाडी केली म्हणतोस?"

"हरला की असलंच सुचतं!"

तातोबानं हात वर केला. "थांबा. हात ज्याचा त्यालाच विचारू. काळाप्पा, ऐरणीवर हात ठेवून सांगा."

बापाची ऐरण उचलून आणण्यासारखी नव्हती. सगळे काळाप्पाच्या दुकानात गेले. पांचाळ ऐरणीवर हात ठेवून खोटं बोलत नाही. काळाप्पाही बोलला नाही. त्यानं हात ठेवला आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं.

"मी दोघींना सारखीच आग दिली. हिला कमी नाही, तिला जास्त नाही."

"ऐकलंत?" तातोबा म्हणाला. "आम्हीही डोळ्यांनी बघितलं. यापेक्षा न्याय तो काय?"

इरण्णानं विचारलं, "दादा, सारखीच?"

"सारखीच."

इरण्णा भावाकडं बघत राहिला. काळाप्पानं नजर ऐरणीवर ठेवली. त्या सबंध गर्दीत या एका शब्दाचा अर्थ कळणारी दोनच माणसं होती, आणि ती एका आईची होती.

इरण्णाला बोलता आलं असतं. पण लोक तापले होते, आणि ऐरण बापाची होती. तिच्यावर भावाचा हात होता. तो हात खोटा म्हणून चालणारही नव्हतं, कारण तो खरंच बोलला होता.

"मग नळीच कच्ची असेल," इरण्णा म्हणाला आणि रस्ता ओलांडून आपल्या दुकानात गेला.

छाप हत्ती ठरला. सगळ्यांच्या फ्रेमा काळाप्पाकडं आल्या. ज्यांच्याकडं इरण्णाच्या जुन्या फ्रेमा धडधाकट चालत होत्या त्यांनीसुद्धा त्या परत आणून त्याच्या दारात टाकल्या. एकही मोडलेली नव्हती. पण लोकांनी स्वतःच्या सायकलीवर विश्वास ठेवला नाही, देवळापुढं ठरलेल्या गोष्टीवर ठेवला. असंच असतं.

त्या फ्रेमा परतीच्या पावसात भिजल्या. एक तेवढी हुसेन शिकलगार घेऊन गेला. तो गावोगाव हिंडून सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा. परगावचा, या भांडणाची त्याला गंधवार्ता नव्हती. बाकीच्या भंगारात गेल्या. मग दुकानाची फळी लागली आणि इरण्णा दुधाला लागला.

त्याला सायकल दिली काळाप्पानं. नवी, हत्ती छाप, मन लावून घडवलेली. पैसेही घेतले नाहीत. गाव म्हणालं, भाऊ असावा तर असा.

इरण्णा रोज पहाटे चढावर ती ढकलायचा. दर वळणावर थांबायचा. इतर दूधवाले म्हणायचे, "चल रे इरण्णा, सगळ्यांना तोच चढ आहे!" हेही खरंच होतं. तो भावाच्या दुकानावरून जाताना घंटी वाजवायचा. काळाप्पा मान वर करायचा नाही. एकदा फक्त म्हणाला, "छाती कशी आहे?"

इरण्णा म्हणाला, "आहे."

थंडी सुरू झाली. एका धुक्याच्या सकाळी खिंडीच्या शेवटच्या वळणावर इरण्णा दगडाला टेकून खाली बसला, तो उठला नाही. सायकल त्याच्या शेजारी दरडीला टेकून उभी होती. कॅन भरलेले. दुधाचा थेंब सांडला नव्हता, रंगाला ओरखडा नव्हता.

त्याला घेऊन लोक खाली आले तेव्हा मागून एक जण ती सायकल आणत होता. तो म्हणाला, "हत्ती तो हत्तीच. जशीच्या तशी आहे."

काळाप्पानं ते ऐकलं.

वर्षं गेली. एक दिवस हुसेन शिकलगार खूप वर्षांनी पुन्हा त्या गावात आला आणि काळाप्पाच्या दुकानाशी थांबला. त्याच्या सायकलीचा स्टँड सैल झाला होता. सायकल स्टँडवर उभी करून तो पायडल मारायचा, त्यावर धारेचा दगड फिरायचा. दिवसभर सगळ्या फ्रेमेला हादरे. शिवाय तोच दगड लादून गावोगाव जायचं. काळाप्पा खाली वाकला आणि तसाच राहिला. नळीवरचं चित्र घासून गेलं होतं. बगळ्याचा एक पाय तेवढा शिल्लक होता. सांध्यावरून त्यानं अंगठा फिरवला. हात इरण्णाचा होता.

"ही नळी चालत नाही," काळाप्पा म्हणाला. "मोडते."

"कोण म्हणतं?" हुसेन हसला. "मला तर कुणी सांगितलं नाही. आणि हिलाही नाही, अप्पा. दगड घेऊन अख्खा मुलूख हिंडली. तुमच्या भावानं दिली होती. बोलावता का जरा? अशीच आणखी एक करून घ्यायची आहे, पोरगा हाताशी आलाय."

"तो नाही."

"कुठं गेला?"

काळाप्पानं स्टँड कसून दिला. हुसेननं दोनदा विचारलं, त्यानं दोन्ही वेळा स्टँडच कसला.

हुसेन गेल्यावर त्यानं दुकान तसंच उघडं टाकलं आणि देवळापुढं गेला. तातोबा आता फार म्हातारा झाला होता, पारावर दूधवाल्यांत बसला होता. काळाप्पा उभ्यानंच बोलला.

"तातोबा, बगळा चांगला होता. मी मारला. मी दोघींना सारखी आग दिली."

"हो, माहीत आहे की. तुम्ही ऐरणीवर सांगितलंत."

"सारखी द्यायला नको होती! तिला कमी द्यायची होती. इरण्णानं मला सांगितलं होतं. मला ठाऊक होतं."

तातोबानं त्याचा हात धरून खाली बसवलं.

"काळाप्पा, भावाच्या दुःखानं तुमचं मन कच्चं झालंय. तिला कमी दिली असती तर ती लबाडी झाली असती. एकीला एक, दुसरीला दुसरं? तुम्ही भाऊ बघितला नाही, न्याय बघितला. आम्ही पोरांना अजून तुमचा दाखला देतो."

"अहो, मी त्याला..."

"पाणी आणा रे अप्पांना."

कुणाला पटलं नाही. पटवायला दुसरा कारागीर लागला असता, आणि गावात तेवढाच एक होता, तो खिंडीत संपला.

शेवटी काळाप्पा इरण्णाच्या बायकोकडं गेला. गंगव्वा उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. त्यानं तेच पुन्हा सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"तुम्ही शपथ घेतलीत त्या दिवशी ते घरी येऊन एवढंच म्हणाले," ती म्हणाली. "म्हणाले, दादानं सारखीच आग दिली. मी म्हटलं, मग बरोबरच केलं की. तर ते हसले. इतकी वर्षं मला कळलं नव्हतं, ते तेव्हा हसले कशाला."

तिनं सुपातला एक खडा काढून टाकला.

"आज कळलं," गंगव्वा म्हणाली. "जा आता, भावजी."

तो घरी आला. त्यानंतर त्यानं ज्योत पेटवली नाही. ऐरणीजवळ बसून राहायचा, पण तिच्यावर हात ठेवायचा नाही.

त्याला शिक्षा झाली नाही. झाली असती तर सुटला असता. उलट त्याचं नाव गावात मोठं झालं. दोन भाऊ शेत वाटायला बसले, पाणी वाटायला बसले, की कुणी तरी म्हणायचं, "काळाप्पासारखं करा. कमी नाही, जास्त नाही." आणि मोठ्या मानानं त्यालाच मधे बसवायचे. तो नको नको म्हणायचा. लोकांना वाटायचं, किती साधा माणूस.

तो मेला तेव्हासुद्धा तातोबाच्या नातवानं हेच बोलून दाखवलं, की असा सारख्या हाताचा माणूस पुन्हा होणार नाही. गंगव्वा बायकांत मागं उभी होती. तिनं ऐकलं आणि पदर डोक्यावर ओढून घरी गेली.

तात्पर्य: ज्याला जेवढं सोसतं तेवढंच त्याच्यावर टाकावं. कमी सोसणाऱ्यावर जाणूनबुजून इतरांइतकंच टाकायचं आणि वर 'मी सगळ्यांना सारखं वागवलं' म्हणायचं, हा न्याय नव्हे, मनातला जुना राग आहे. आणि तो उशिरा कबूल केला तर ऐकून घ्यायलाही कुणी उरत नाही.